मायक्रोस्कोप वर नेला त्या दिवशी

हॉस्पिटलात मला बुरशीबाई म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं 'बाई'. पण फोनवर एकदा 'जरा बुरशीबाईंना द्या' असं मी स्वतः ऐकलंय, कारण फोन मीच उचलला होता. मला त्याचं काही वाटत नाही. एकोणीस वर्षं तळघरातल्या त्या लांबट खोलीत मी दुसरं केलंय तरी काय? कुणाच्या नखाचा चुरा, कुणाच्या मांडीवरचा नायटा, कुणाच्या डोक्यातले पापुद्रे. काचेच्या पट्टीवर घ्यायचं, वर औषधाचा थेंब टाकायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि रिपोर्ट लिहायचा. घरी पावाच्या तुकड्यावर हिरवा ठिपका दिसला की नवरा हाक मारतो, "अगं ये, तुझ्या माहेरची माणसं आलीत."

माझ्या खोलीत कुणी धावत येत नाही. नायट्याला कसली आलीय घाई? म्हणून त्या मंगळवारी सकाळी साडेनऊला जिन्यावर धाडधाड पावलं वाजली तेव्हा मला वाटलं, कुठेतरी पाण्याचा पाइप फुटला.

पाइप नव्हता. त्वचाविभागातली धाकटी डॉक्टर होती. सहाच महिने झाले होते तिला रुजू होऊन. हातात झाकणाची छोटी बाटली, आणि ती अशी धरलेली की आत जिवंत मासा असावा.

"बाई, कातडीचा तुकडा आहे. आत्ताच काढलाय. सलाइनमध्येच ठेवलाय, फॉर्मलीनमध्ये नाही."

तिथेच मला ती आवडली. फॉर्मलीनमध्ये बुडवून आणला असता तर मेलेल्या बुरशीकडून मला काय उगवून दाखवता आलं असतं?

"बसा आणि नीट सांगा," मी म्हटलं.

ती बसली नाही, पण सांगितलं नीट. पेशंट बुकबाइंडर, चाळिशीचा. अकरा महिन्यांपूर्वी त्याची किडनी बदलली, थोरल्या बहिणीने आपली दिली. अशा माणसाला रोज औषध घ्यावं लागतं, नाहीतर शरीर परकी किडनी बाहेर काढायला बघतं. ते औषध शरीराच्या पहारेकऱ्यांना गुंगी देतं. किडनी सुखरूप राहते, पण घराचं दारही उघडं राहतं. आठवड्यापूर्वी हा जुलाब-उलट्या झाल्या म्हणून दाखल झाला, सलाइन लावलं, पोट बरं झालं. परवा, घरी जायच्या दिवशी, सलाइनच्या हातावर, चिकटपट्टीखाली, नाण्याएवढा लाल डाग दिसला. काल तो जांभळा झाला. आज मधोमध काळा आणि तळहाताएवढा.

"वर सगळे म्हणतायत, जंतूंचाच असणार, औषध बदलून अजून दोन दिवस बघू. पण बाई, तो काळा भाग दुखत नाहीये त्याला. सुई टोचली तरी कळत नाही."

मी हातमोजे चढवले. असा तुकडा जंतूंच्या विभागात गेला की खलात घालून वाटतात, तशी तिथली पद्धतच आहे. पण मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की काही बुरशींचे धागे पोकळ नळीसारखे असतात, वाटले की मरतात, मग बुरशी रुजवायच्या काचेच्या ताटलीत काही उगवत नाही आणि आपण खुशाल लिहितो 'बुरशी नाही'. मी ब्लेड घेतलं आणि तुकड्याचे बारीक बारीक काप केले. काही काप ताटल्यांमध्ये रुतवले, दोन काचेच्या पट्टीवर ठेवले आणि वर केओएचचा थेंब सोडला. या थेंबात मांस विरघळतं, बुरशी विरघळत नाही. मात्र वीस मिनिटं थांबावं लागतं.

त्या वीस मिनिटांत धाकट्या डॉक्टरीणबाईंनी माझी खोली अकरा वेळा पालथी घातली. अठराव्या मिनिटाला माझाच धीर सुटला. पट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि डोळा लावला.

आधी नुसता धूसरपणा, विरघळलेलं मांस. मी पट्टी जराशी डावीकडे सरकवली आणि तिथेच थांबवली.

नायट्याचे धागे शिवणाच्या दोऱ्यासारखे बारीक असतात, मध्ये मध्ये पडदे असलेले. हे दोरे नव्हतेच. या फिती होत्या! रुंद, पीळ पडलेल्या, कुठे फुगलेल्या, कुठे दुमडलेल्या, मध्ये एकही पडदा नाही आणि फांद्या फुटल्या होत्या त्या थेट काटकोनात. एकोणीस वर्षांत असं मी पुस्तकात पाहिलं होतं आणि दोनदा दुसऱ्यांच्या पट्टीवर. माझ्या टेबलावर हे पहिल्यांदाच आलं होतं.

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. ओठ आपोआप हसले. दुसऱ्या क्षणी आठवलं की या फिती एका माणसाच्या हातात आहेत, आणि मी इथे हसत उभी आहे तोवर त्या पुढे सरकतायत.

"म्युकरच्या कुळातली आहे," मी म्हटलं. "ही रक्तवाहिन्यांत शिरते, त्या बुजवते. म्हणून काळं पडतंय, म्हणून टोचलेलं कळत नाही."

"किती वेळ आहे आपल्याकडे?"

"परवा नाण्याएवढं होतं, आज तळहाताएवढं. तुम्हीच हिशोब करा."

मी सर्जनसाहेबांना फोन लावला. माणूस हुशार, हात सोन्याचा, पण फोनवर बोलताना ते नेहमी दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असतात.

"बाई, रिपोर्ट पाठवून द्या. पॅथॉलॉजीवाल्यांचं उद्या येईल, मग ठरवू."

"साहेब, उद्या हे कोपराच्या वर गेलेलं असेल."

"तुम्ही नखं बघता ना?" ते म्हणाले. रागाने नाही, अगदी सहज. "माझ्या दोन केसेस आहेत. बारानंतर बोलू." आणि फोन ठेवला.

मीही ठेवला. मग मी उठले आणि मायक्रोस्कोपची पिन भिंतीतून उपटली.

"बाई, काय करताय?"

माझ्या टेबलासमोर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, 'मायक्रोस्कोप जागेवरून हलवू नये'. अक्षर माझंच आहे. मी कपाटातून नेलपॉलिश काढलं (नखांना मी आजवर कधी लावलं नाही, पट्टी वाळू नये म्हणून काचेच्या कडा बंद करायला ते ठेवते), पट्टी पक्की केली, बाटल्यांच्या ट्रॉलीवर जाड टॉवेल अंथरला, त्यावर मायक्रोस्कोप ठेवला आणि म्हटलं, "ते खाली येत नाहीत ना? मग आपण वर जाऊ. तुम्ही ढकला, मी धरते."

तळघरातून दुसऱ्या मजल्यावर जायला उताराची वाट आहे, खाटा नेण्यासाठी केलेली. जाताना ती उतार नसते, चढ असते, हे मला त्या दिवशी कळलं. मी लेकरासारखा मायक्रोस्कोप कवटाळला होता, मागून धाकटी डॉक्टर रेटत होती आणि लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर ट्रॉलीचं एक चाक अडलं. तिथे बाकावर एक जाडजूड बाई डबा घेऊन बसली होती. धाकट्या डॉक्टरला बघताच ती ताडकन उठली.

"डॉक्टर! हे माझ्या भावाचं आहे का?"

"हो, पण तुम्ही..."

"मी त्याची बहीण. किडनीवाली," ती मला म्हणाली. बाकी ओळखीची तिला गरज वाटली नाही. "सरका बाजूला. मी गाडी शिकवते लोकांना, बावीस वर्षं. अडलेलं चाक कसं काढायचं ते मला कळतं. जरा मागे घ्या. अजून. आता उजवीकडे मारा. चला!"

चाक सुटलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत त्या ताईंनी एकटीने ट्रॉली रेटली आणि वर मला सूचनाही दिल्या, "वळणावर आधी बघायचं, मग वळायचं!"

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी प्लग एकच होता, पाणी थंड करायच्या मशीनचा. मी ते मशीन बंद केलं. मायक्रोस्कोपचा दिवा लागला, पट्टी ठेवली, फिती शोधल्या, फोकस पक्का केला आणि दार वाजवलं.

पहिली केस संपवून सर्जनसाहेब बाहेर आले. मास्क गळ्यात लोंबत होता. समोर मी, धाकटी डॉक्टर, डबा घेतलेली बहीण आणि पाण्याच्या मशीनशेजारी मायक्रोस्कोप.

"हे काय चाललंय?"

"साहेब, एक मिनिट बघा. नख नाहीये," मी म्हटलं.

ते वाकले. आधी एका डोळ्याने, मग दोन्ही डोळ्यांनी. बोटं फोकसच्या चाकावर गेली आणि हळूहळू फिरायला लागली. ताईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की त्याचा वळ संध्याकाळपर्यंत राहिला.

"तुकडा कधी काढला?" वर न बघताच त्यांनी विचारलं.

"सव्वानऊला," धाकटी डॉक्टर म्हणाली.

ते ताठ झाले आणि दारातून आत ओरडले, "पुढची केस थांबवा! हा पेशंट आधी घ्यायचा आहे!"

मला वाटलं, झालं सगळं.

पण सगळं कुठे झालं होतं? बुकबाइंडरच्या खाटेपाशी सर्जनसाहेब आणि किडनीचे डॉक्टर दोघे उभे राहिले आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. काळा भाग आणि त्याच्या भोवतालचा बराच भाग कापावा लागेल. बुरशीचं औषध आजच सुरू करायचं, ते किडनीला जड जाईल. आणि पहारेकऱ्यांना गुंगी देणारी औषधं कमी करावी लागतील, म्हणजे शरीर किडनीवर उठू शकेल. थोडक्यात, किडनी जाऊही शकते.

बुकबाइंडर बारीक चणीचा, मोठ्या कानांचा माणूस होता. तो बहिणीकडे बघून म्हणाला, "ताई, तुझी वस्तू आहे. तू म्हणशील तसं."

"माझी कसली? दिली तेव्हाच तुझी झाली," ताई म्हणाल्या. "डॉक्टर, आधी हा वाचवा. मग हात वाचवा. किडनीचं मागाहून बघू. नाहीतर माझ्याकडे अजून एक आहे, तीही देते!"

"नको गं बाई," बुकबाइंडर घाबरून म्हणाला. "एकीचं अकरा महिने ऐकतोय. दोन झाल्या तर मी कुठे जाऊ?"

किडनीचे डॉक्टर हसले. मीसुद्धा. ताई हसता हसता डोळे पुसत होत्या. त्याच हसण्यात त्याने डाव्या हाताने कागदावर सही केली आणि खाट हलली.

मी मायक्रोस्कोप खाली नेणार होते, पण सर्जनसाहेब म्हणाले, "बाई, थांबा इथेच. मी कापलेल्या भागाच्या कडा पाठवतो, बुरशी आहे की नाही ते तुम्ही सांगत राहा."

मग पाण्याच्या मशीनपाशी माझं दुकान लागलं. आतून बाटल्या येत होत्या, वर लिहिलेलं 'मनगटाकडची', 'कोपराकडची', 'आतली', 'बाहेरची'. मी काप करत होते, थेंब टाकत होते, पट्टी स्पिरिटच्या दिव्यावर जराशी शेकत होते, म्हणजे वीस मिनिटांचं काम पाचात होतं. दार किलकिलं उघडून नर्स विचारायची आणि मी सांगायची.

"मनगटाकडची?"

"स्वच्छ!"

"बाहेरची?"

"स्वच्छ!"

"कोपराकडची?"

मी पट्टी इकडून तिकडे सरकवली. एका कोपऱ्यात, अगदी काठाला, एकच फीत. "आहे! अजून घ्या!"

दुसरी बाटली आली. "आहे अजून! घ्या!"

तिसरी आली. मी पट्टी एकदा बघितली, दोनदा बघितली, धाकट्या डॉक्टरला बघायला लावली. काही नाही. नुसतं विरघळलेलं मांस, स्वच्छ, रिकामं.

"साफ!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की थिएटरपुढे शांतता पाळा असं लिहिलेल्या पाटीची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटल्यांमध्ये पांढरा कापूस दिसायला लागला. तिसऱ्या दिवशी तो झाकणाला टेकला. या कुळाची वाढच तशी. ताई रोज दाराशी येऊन बातमी घेऊन जायच्या. त्या दिवशी त्यांनी काचेतून ताटली बघितली आणि विचारलं, "पण हे आलं कुठून?"

"हवेत असते, धुळीत असते, लाकडात असते. सगळीकडेच असते म्हणा ना."

"सगळीकडे असते, मग डाग सरळ रेषेत कसा काय आला?"

"म्हणजे?"

"अहो, मी दहा दिवस त्याच्या उशाशी बसलेय. डाग आला तेव्हा एका बाजूने फुटपट्टीने आखल्यासारखा होता. हात वाकू नये म्हणून खाली लाकडी पट्टी बांधली होती ना, अगदी तिच्या कडेने."

मी ताईंना तिथेच सोडलं आणि धावत सुटले. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, मी दोन मजले धावले. वॉर्डच्या मुख्य सिस्टरना धापा टाकतच सांगितलं. त्या पंचवीस वर्षांच्या मुरलेल्या, उगाच प्रश्न विचारत बसल्या नाहीत. त्यांनी सामानाच्या खोलीचं कुलूप काढलं. खालच्या फळीवर, भिंतीला लागून, गॉज गुंडाळलेल्या लाकडी पट्ट्यांचा गठ्ठा होता. भिंतीला ओल. हात लावला तर गठ्ठा दमट लागला.

"आत्ता किती जणांना बांधल्यात?" मी विचारलं.

"चौघांना."

आम्ही चौघांच्या पट्ट्या सोडल्या. पहिला हात स्वच्छ, दुसरा स्वच्छ, तिसराही. चौथा गणिताच्या एका मास्तरांचा. रक्ताचा कर्करोग, त्यावरच्या औषधाने अंगातली ताकद पार उतरलेली. चिकटपट्टी उचलली, आणि खाली डाळीच्या दाण्याएवढा जांभळट ठिपका.

"हा तर काल नव्हता," मास्तर म्हणाले.

"बरं झालं, आज सापडला," सिस्टर म्हणाल्या आणि फोनकडे वळल्या.

या वेळी मला मायक्रोस्कोप न्यावा लागला नाही. सर्जनसाहेब स्वतः तळघरात आले, जिन्यावरून, दोन दोन पायऱ्या उतरत. त्यांनी माझ्या स्टुलावर बसून पट्टी बघितली. फिती होत्या, पण थोड्याच. तासाभरात मास्तरांचा तो ठिपका भोवतालच्या मांसासकट काढला, आठ टाके पडले, औषध सुरू झालं. लाकडाच्या काही पट्ट्यांचे तुकडे मी ताटल्यांमध्ये रुजवले आणि सगळ्यांत तोच पांढरा कापूस उगवला. त्याची वाट न बघता त्याच संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलातली प्रत्येक लाकडी पट्टी पोत्यात भरून जाळायला गेली. तेव्हापासून प्लॅस्टिकच्या आहेत, एकेकाला नवी, वापरून फेकायची. त्या सामानाच्या खोलीची भिंतही सोलून नव्याने बांधली.

बुकबाइंडरचं सोपं गेलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा एकदा उघडून बघावं लागलं. तेव्हा कडा स्वच्छ निघाल्या. औषधाने किडनी रुसली. रक्ताचे आकडे दहा दिवस चढत होते आणि ताई रोज त्या आकड्यांना गाडी शिकणाऱ्या मुलासारखं रागवायच्या. अकराव्या दिवशी चढ थांबला. मग आकडे खाली यायला लागले. अगदी पहिल्याइतके नाहीत आले, पण पुरेसे. मांडीची कातडी काढून हातावर लावली. अंगठ्याजवळच्या दोन बोटांना अजून बधिरपणा आहे. तो सांगतो, पुठ्ठा कापता येतो, सुई मात्र निसटते, ते काम सध्या बायको करते आणि त्याच्यापेक्षा सरळ टाके घालते.

दोन महिन्यांनी तो तपासणीला आला तेव्हा म्हणाला, "बाई, मला बघायचंय. माझा हात कुणी खाल्ला ते तरी कळू दे."

माझ्या खोलीत मी त्याला पाऊल टाकू दिलं नाही, तिथली हवा त्याच्यासाठी नाही. पण निळा रंग देऊन कायमची बंद केलेली एक पट्टी माझ्याकडे होती. ती घेऊन मी त्वचाविभागात गेले आणि तिथल्या मायक्रोस्कोपवर लावली. धाकट्या डॉक्टरने खुर्ची पुढे केली. तो वाकला.

"अरे वा," तो हळूच म्हणाला. "सुंदर आहे हे."

"हात खाल्ला तुझा आणि म्हणे सुंदर!" ताई कडाडल्या. "ऊठ, मला बघू दे."

त्या बसल्या, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. "मला तर काळ्या काड्या दिसतायत नुसत्या."

"त्या तुमच्या पापण्या आहेत ताई, जरा मागे घ्या," मी म्हटलं.

"मागे घेतलं."

"अजून थोडं. आता हे चाक फिरवा, सावकाश."

त्यांनी चाक धरलं, श्वास रोखला आणि सावकाश फिरवलं. मग टेबलावर अशी थाप मारली की बाहेर रांगेत बसलेले पेशंट दारातून डोकावले.

"दिसलं!" त्या ओरडल्या. "बाई, दिसलं!"